सरसाची बरणी

१६ मार्च, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. आठवणी लिहायला मी काही रिटायर झालेला साहेब नाही. पण या घरात काहीतरी शिजतंय आणि ते माझ्या पाठीमागे शिजतंय. उद्या कुणी म्हणालं की सोमनाथ, हा तुझा भ्रम आहे, तर दाखवायला हाताशी काहीतरी असावं.

आधी कामाचं. स्टुडिओ बंद केला, त्यात तो मोठा ताप येऊन गेला, तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम करा. मोबाइल आल्यापासून नाशिक रोडला पासपोर्ट फोटोलासुद्धा कुणी फिरकत नव्हतं, हे खरं. पण आराम करून माणूस गंजतो. म्हणून मी जुन्या पद्धतीने, हाताने फोटो छापायला लागलो. डिंक, रंग आणि रसायन एकत्र करून कागदावर फासायचं, वर निगेटिव्ह ठेवायची, उन्हात धरायचं, मग पाण्यात सोडायचं. ऊन लागलं तिथे रंग बसतो, बाकीचा धुऊन जातो. कोऱ्या कागदावर हे केलं तर रंग कागदाच्या पोटात शिरतो आणि पांढरं काही पांढरं राहत नाही. म्हणून कागदाला आधी सरस द्यावा लागतो. जिलेटिन थंड पाण्यात फुगवायचं, गरम पाण्याच्या पातेल्यात बरणी ठेवून ते विरघळवायचं, त्यातून कागद काढायचा आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घालायचा. सरस बिघडला की फोटो बिघडला. तुरटी त्यात कधी आणि किती घालायची ही माझी स्वतःची युक्ती आहे, ती मी कुणाला सांगितलेली नाही.

मे महिन्यात कॉलेज रोडच्या एका गॅलरीत माझं प्रदर्शन आहे, फुलबाजारातल्या माणसांचं. आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं काढली, माझ्या नावाचं हे पहिलंच. हे फसलं तर परत कॅमेऱ्याला हात लावणार नाही, असं सुवर्णाला सांगून ठेवलंय. सुवर्णा माझी बायको, महापालिकेच्या शाळेत शिकवते. ती "बरं" म्हणाली. नुसतं "बरं".

मदतीला प्रफुल्ल येतो. पोरगा माझ्या स्टुडिओत शिकला, आता लग्नाचे व्हिडिओ काढतो. रोज सकाळी येतो, राबतो आणि एक रुपया घेत नाही. इथेच शंकेची पाल चुकचुकते. आजकाल फुकट कोण कुणाचं करतं?

संध्याकाळी वरण अगदीच सपक होतं. हिंग घातला नाहीस का, असं विचारलं. घातलाय म्हणाली. मग हिंगात भेसळ असणार.

१९ मार्च, बुधवार

आज पहिला पुरावा सापडला.

उरलेला सरस मी बरणीत भरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो आणि दोन-चार दिवस वापरतो. प्रफुल्लचं टुमणं असतं, "सर, उरलेला टाकून देऊ, रोज ताजा करू." मी त्याला सांगतो, सरस म्हणजे काय दूध आहे का? तर रविवारी ठेवलेला सरस गढूळ होता, चांगला लक्षात आहे. आज बरणी काढली तर आत काचेसारखा स्वच्छ सरस. फ्रिजमध्ये बसून सरस आपोआप स्वच्छ होत नाही. कुणीतरी माझा काढून नेला आणि दुसरा भरून ठेवला.

सुवर्णाला विचारलं. ती ओढणी नाकाला लावून म्हणाली, "तुमच्या त्या बरणीला मी कशाला हात लावू? मला तर हल्ली फ्रिज उघडायचंसुद्धा जिवावर येतं."

माझ्या कामापुढे नाक मुरडायची तिला सवयच लागली आहे. सुरुवातीला म्हणायची, वास येतो. मी एकदा चांगलं ऐकवलं, सरसाला सरसाचा वास येणार, अत्तराचा कुठून येईल? त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण नाकावरची ओढणी काही गेली नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. आज गोजराबाईंचा फोटो झकास निघाला. लुगड्याचा पांढरा काठ अगदी स्वच्छ आला. म्हणजे चोर घरात असला तरी माझा हात अजून पक्का आहे.

२३ मार्च, रविवार

पाडवा आठवड्यावर आला म्हणून फुलबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गोजराबाईंना त्यांचा फोटो नेऊन दाखवला. बाई मखमलाबादकडच्या, स्वतःच्या मळ्यातली फुलं आणून विकतात. फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "मी एवढी काळी हाय व्हय? पन हाय खरी मीच." मग टोपलीतला ओंजळभर मोगरा माझ्यापुढे धरला. "घ्या, वहिनीला न्या. वास तर बघा, समदा बाजार दरवळतोय."

मी नाकाशी नेला. काही नाही. मी स्पष्ट बोलणारा माणूस, म्हणालो, "बाई, हा हायब्रीड दिसतोय. याला वास कुठे आहे?"

त्या अशा चिडल्या की बस. "हायब्रीड? आवो, माझ्या सासूच्या हातची वेल हाय ती! आजपातुर कोनी असं बोललं नाय मला." शेजारचा झेंडूवाला हसायला लागला. विकणाऱ्याने आपलीच बाजू घ्यायची, हे ठरलेलंच असतं. कोथिंबीर, चहा, बाजारातली मिसळ, कशात म्हणून राम राहिलेला नाही, आणि लोकांना ते कळतसुद्धा नाही.

मोगरा तिथेच ठेवून आलो. बिनवासाची फुलं घरी नेऊन काय करायचंय?

२७ मार्च, गुरुवार

लग्नाचा वाढदिवस. संध्याकाळी मी आतल्या खोलीत कागदावर रंग फासत होतो, खिडकी झाकलेली, पिवळा बल्ब लावलेला. सुवर्णा येऊन दारात उभी राहिली. नवी साडी, केसांत गजरा. मी म्हणालो, "दार लोट, उजेड येतोय."

"काही म्हणायचंय का?" तिने विचारलं.

"कशाबद्दल?"

ती दार लोटून निघून गेली. नंतर जेवताना मी साडी छान आहे म्हणालो, तर "बरं" म्हणाली.

पूर्वी असं नव्हतं. स्टुडिओच्या डार्करूममध्ये मी पाठमोरा असायचो, फोटो पक्का करायच्या हायपोचा तो आंबूस वास सगळीकडे भरलेला असायचा, आणि तरी तिने बाहेरच्या पायरीवर पाऊल टाकलं की मी आतून म्हणायचो, "आला माझा मोगरा." ती लाजायची. आता तीही बदलली आणि मोगराही बदलला.

गजरा रात्री कचऱ्याच्या डब्यात दिसला. अजून टवटवीत होता. नवाकोरा गजरा कुणी टाकतं का? तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत नाही, आणि ती कळू देत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

दुपारी सरस गरम करत होतो. गॅस बारीक ठेवून मी आत कागद मोजायला गेलो. तेवढ्यात सुवर्णा शाळेतून आली ती धावतच. जिन्यातूनच ओरडत, "अहो! गॅस! गॅस!" पर्स फेकून दिली, शेगडी बंद केली, खाली सिलिंडरचं बटण फिरवलं, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. मग मला म्हणाली, "मरायचंय का तुम्हाला? इथेच तर आहात, काही कळत नाही?"

वाऱ्याने ज्योत विझली असेल, त्यात एवढं काय आकांडतांडव? वारा आला म्हणून मीच तर खिडकी लावून घेतली होती.

नंतर शांतपणे विचार केला. ती जिन्यात होती. मी घरात होतो. शेगडी विझली हे घरातल्या मला कळलं नाही आणि जिन्यातल्या तिला कसं कळलं? याचा अर्थ एकच, ती दाराबाहेर उभी राहून माझ्यावर पाळत ठेवते.

३ एप्रिल, गुरुवार

आता शंकाच उरली नाही. सकाळी फिरायला निघालो आणि चष्मा विसरला म्हणून परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात दोघं बोलत होते, सुवर्णा आणि प्रफुल्ल.

ती म्हणाली, "आजपण टाकलास का?"

तो म्हणाला, "टाकला, काकू. तेवढाच भरून ठेवलाय. सरांच्या लक्षात येणार नाही."

"त्यांना सांगायला गेलं की अंगावर येतात. त्यापेक्षा असंच राहू दे. प्रदर्शन होईपर्यंत तरी."

मी चष्मा न घेताच परत फिरलो. जेलरोडपर्यंत चालत गेलो, पायाखालचा रस्ता दिसत नव्हता. पोटच्या पोरासारखा ज्याला शिकवला तो माझ्या हातचा सरस चोरतो, त्यातली युक्ती शोधतो आणि त्याच्या जागी आपलं काहीतरी भरून ठेवतो. आणि माझी बायको त्याला राखणीला. प्रदर्शन होईपर्यंत म्हणे! प्रदर्शनानंतर काय, त्याचं दुकान?

मला फार वाईट वाटलं. चिडलो असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे वाईट वाटलं.

५ एप्रिल, शनिवार

बरणी स्टुडिओतून घरी आणलेल्या जुन्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. फ्रिजला कुलूप नसतं, काय करणार! किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली म्हणून सुवर्णा बघत राहिली. बघ म्हणावं.

प्रफुल्ल आला, कपाट बघितलं, आणि त्याचा चेहराच पडला. "सर, एवढ्या उकाड्यात कपाटात? सर, हात जोडतो, फ्रिजमध्ये तरी ठेवा."

"का रे, फ्रिजमध्ये तुझी सोय होते म्हणून?"

मग मी सगळं बाहेर काढलं, स्वयंपाकघरातलं बोलणं, बरणी, सगळं. तो सुवर्णाकडे बघायला लागला, ती जमिनीकडे. "सर, तसं नाही. तो सरस नासलेला असतो, इतकंच. तुम्हाला सांगून..."

"मला शिकवतोस सरस कसा असतो ते? तुझं नाक माझ्यापेक्षा मोठं झालं का?"

जय भीम म्हणून निघून गेला. दाराशी जरा थांबला होता, मी हाक मारली नाही. सुवर्णा दिवसभर बोलली नाही. घर कसं शांत आहे. मला हेच हवं होतं.

९ एप्रिल, बुधवार

आज एकट्याने सगळा कागद काढला. ठेवणीतला जाड सुती कागद, प्रदर्शनाच्या उरलेल्या सगळ्या फोटोंसाठी राखून ठेवलेला. कपाट उघडलं. सरस जरा पातळ झाला होता, उष्म्याने होणारच. त्यात थोडं नवं जिलेटिन घालून घट्ट केला. एकेक कागद हळूच आत सोडला, उलटा केला, काठावर निथळवला आणि टांगला. हॉलमध्ये, पॅसेजमध्ये, गॅलरीत, सगळीकडे दोऱ्या. कामात कुणाची लुडबुड नाही, कुणाचा सल्ला नाही. फार दिवसांनी हाताला समाधान वाटलं.

सुवर्णा शाळेतून आली, दारातच थांबली, आणि आत न येता खाली अक्काबाईंकडे गेली. अजून आलेली नाही. बायकांची बैठक भरली असणार.

१० एप्रिल, गुरुवार

कसं लिहू ते कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या अक्काबाई होत्या, ऐंशीच्या पुढची म्हातारी, कधी जिना चढत नाही. पदर तोंडावर धरून म्हणाली, "सोमनाथ, तुझ्या घरात काही मेलंय का रे बाबा? रातभर डोळ्याला डोळा नाही." तिच्यामागे सोसायटीचा सेक्रेटरी ललित, तोंडाला रुमाल, हातात फिनेलची बाटली. समोरच्या दारातही माणसं.

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "वा! सगळ्यांना पढवून आणलंय वाटतं? प्रफुल्ल कुठे लपलाय?" ललित आत एक पाऊल टाकून तसाच मागे वळला आणि जिन्याच्या कठड्यावर वाकून ओकला. तेही मी नाटकच समजलो. हे लिहायची लाज वाटते, पण समजलो.

सुवर्णा अक्काबाईंच्या मागून पुढे आली. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. रागाने नाही. शाळेतल्या एखाद्या पोराला फळ्यावरचं दिसत नाही असा संशय आल्यावर बघत असेल, तशी.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला खरंच येत नाही?"

"काय?"

"वास."

मी म्हणालो, सरसाचा वास आहे, असतोच. तिने टेबलावरची बरणी उचलून माझ्या नाकाखाली धरली. तिचे डोळे पाण्याने भरले होते, तरी धरली. "कसा आहे, सांगा."

मी श्वास ओढला. पुन्हा ओढला. सांगता येईना.

तिने सगळ्यांना हात जोडून वाटेला लावलं, दार लावलं, मला खुर्चीवर बसवलं. "डोळे मिटा." स्वयंपाकघरातून एकेक वस्तू आणून माझ्या नाकाशी धरत गेली. एकदा डोळ्यांना झोंबलं, मी म्हणालो कांदा. एकदा नाकात गारवा शिरला, म्हणालो व्हिक्स. पण ते झोंबणं होतं आणि तो गारवा होता. बाकी काही ओळखता आलं नाही. "हिंग होता," ती म्हणाली. "ही कॉफी. हे रॉकेल." मग बराच वेळ ती कुठे गेली कुणास ठाऊक. परत आली आणि काहीतरी धरलं. मी मान हलवली. काहीच नाही.

"डोळे उघडा."

तिच्या तळहातावर मोगरा होता, गॅलरीतल्या कुंडीतला. ते रोप मीच लावलेलं, गावठी, आमची मुलगी साक्षी जन्मली त्या वर्षी. त्याला हायब्रीड म्हणायची सोय नव्हती.

मी सगळ्या जगावर संशय घेतला. हिंगवाल्यावर, चहावाल्यावर, गोजराबाईंच्या सासूच्या वेलीवर, पोरासारख्या प्रफुल्लवर, बायकोवर. एकट्या माझ्या नाकावर तेवढा घेतला नाही.

आणि सुवर्णा रडायला लागली. रडता रडता हसायलाच लागली. "म्हणजे तुम्हाला येतच नव्हता!" पुन्हा पुन्हा तेच. मी जरा चिडलोच. माझं नाक गेलं, ठेवणीतला सगळा कागद नासला, आणि हिला हसू येतंय.

मग ती म्हणाली, "त्या मोठ्या तापातून उठलात ना, त्यानंतर मी कितीदा गजरा माळून तुमच्यापुढे उभी राहिले. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. वाढदिवसाला तर म्हटलं, आज शेवटचं बघू. मला वाटलं, संपलं. तुमच्यालेखी मी आता नुसती घरात असते." 

मी तिचा हात धरून बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, कांद्याचं म्हणायला कांदा केव्हाच आत गेला होता.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. विहारात सगळी कॉलनी लोटली होती. खीर गोड लागली. गरम आणि गोड, एवढंच कळलं. बाकीचं मी इतके दिवस कल्पनेनेच खात होतो वाटतं.

प्रफुल्ल मिरवणुकीच्या व्हिडिओत गुंतला होता. मी जाऊन त्याच्यापुढे उभा राहिलो. गर्दीत, ढोलाच्या आवाजात माफी मागणं सोपं नसतं, ओरडून मागावी लागते. "चुकलो रे!" मी ओरडलो. तो कॅमेरा न हलवता ओरडला, "सर, फ्रेममध्ये येताय! बाजूला व्हा!" मग कॅमेरा दुसऱ्या पोराकडे देऊन आला आणि पाया पडायला लागला. मी पडू दिलं नाही.

त्याला वाटत होतं की मी हट्टाने नासका सरस वापरतो. सुवर्णालाही तेच वाटत होतं. मी फिरायला गेलो की तो बरणी रिकामी करायचा, घासायचा आणि ताजा सरस करून भरायचा. गोजराबाईंचा तो झकास फोटो त्याच्याच सरसावर निघालेला. माझी तुरटीची युक्ती त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती. माझ्याच स्टुडिओत मीच कुणालातरी सांगताना त्याने ऐकली होती म्हणे.

२१ एप्रिल, सोमवार

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या तापात गेलं असावं म्हणाल्या. परत येईल का? "थोडं येऊ शकतं. नाहीही येणार." रोज सकाळ-संध्याकाळ चार-पाच ओळखीचे वास घेत बसायचं, नाकाला आठवण करून द्यायची, असा उपाय सांगितला. लवंग, लिंबू, असं काही. सुवर्णाने मोगरा त्यात स्वतःच्या मनाने घातला.

घरातला गॅसही बदलून घेतला. विझला की आपोआप बंद होणारी शेगडी आली. ही खरेदी तिने मला न विचारता केली आणि मी कुरकुर केली नाही.

फुलबाजारात जाऊन गोजराबाईंच्या वेलीची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आधी नाय का सांगायचं! मी म्हनलं मानूस लय अवघड हाय."

४ मे, रविवार

प्रदर्शन पुढच्या रविवारी. नवा कागद आला, दोन फोटो अजून छापायचे आहेत. त्यांना सरस आज दिला.

प्रफुल्लने काल केलेला सरस फ्रिजमध्ये होता. तो आज लग्नाच्या ऑर्डरवर गेलाय, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी बरणी कोमट पाण्यात ठेवली, सरस विरघळल्यावर सुवर्णाला हाक मारली. ती आली. केसांत गजरा होता.

मी म्हणालो, "मोगरा छान येतोय."

"खोटारडे," ती म्हणाली, पण लाजली. 

मग तिने बरणी दोन्ही हातांनी उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. नाकावर ओढणी नव्हती. 

"चांगला आहे," ती म्हणाली. "घ्या वापरायला."

आता ती खरं सांगतेय की प्रदर्शन तोंडावर आलंय म्हणून माझं मन राखतेय, हे कळायला माझ्याकडे काही उपाय नाही. पूर्वीचा मी असतो तर तिला तीनदा विचारलं असतं, मग प्रफुल्लला फोन लावून त्याला वेगळं विचारलं असतं, आणि तरी बरणी उजेडात धरून बघितली असती.

मी काही विचारलं नाही. पहिला कागद सरसात सोडला.